विद्यार्थी संशोधन प्रकल्प: वेळापत्रक आखावे ते हंगाम पाहून

विषय निवडणे, मार्गदर्शक ठरवणे आणि विभागप्रमुखांची सही घेणे ही कामे कोणालाही जमतात. मराठवाड्यातील महाविद्यालयीन प्रकल्प फसतात ते वेळापत्रकात. सादरीकरणाच्या तारखेपासून उलटे मोजत यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. प्रयोगशाळेतील कामापुरता तो ठीक असला, तरी गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या गटाला हमखास गोत्यात आणतो.

म्हणून कॅलेंडर समोर ठेवून आधी एकच गोष्ट ठरवावी: आपल्याला जे मोजायचे आहे, ते कोणत्या महिन्यात हाती लागते? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या मुलांच्या शाळेवर काम करणारा गट दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रश्नावली घेऊन निघाला, तर टोळ्या कारखान्यांकडे गेलेल्या असतात आणि वस्तीवर बहुधा म्हातारी माणसेच भेटतात. मग त्यांच्याकडूनच अर्ज भरून घेतले जातात आणि अहवालात मात्र ‘पालकांची मते’ असे छापले जाते. हे चालवून घेऊ नये. पालकांच्या मुलाखती दसऱ्याच्या आत उरकाव्यात, शाळेचे हजेरीपट नंतरही पाहता येतात, आणि राहिलेली घरे गाळप संपून माणसे परतल्यावर, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये गाठावीत. सोयाबीनच्या काढणीत शेतकऱ्याकडे अर्धा तास मागायला जाणे तर शुद्ध अडाणीपणा आहे.

विहिरींच्या पाणीपातळीचा विषय आपल्याकडे फार आवडता, आणि वेळापत्रक सर्वांत जास्त चुकते तेही त्यातच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. आपल्या नोंदी शासकीय आकड्यांशी ताडून पाहायच्या असतील, तर हेच महिने धरावेत. पावसाळा सरतानाची ऑक्टोबरची नोंद हुकली, तर ती पुन्हा मिळत नाही, आणि तिच्याशिवाय मे महिन्यातील घट कशाच्या तुलनेत सांगणार? प्रकल्पाची मंजुरी दिवाळीनंतर येणार असेल, तरी मार्गदर्शकांच्या तोंडी संमतीने ऑक्टोबरची मोजणी करून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळीस विहिरींची हौस करू नये. दहा-बारा विहिरी चारही वेळा नीट मोजल्या, तर त्यांतून काही हाती लागते.

मोजताना कठड्यावर ऑइलपेंटने खूण करावी आणि दर वेळी तेथूनच टेप सोडावा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करावी: खुणेपासून पाणी ९.४० मीटरवर आणि कठडा ०.७० मीटर उंच असेल, तर जमिनीखालची पातळी ८.७० मीटर होते. मोटार नुकतीच चालून गेली असेल, तर खाली ओढलेले पाणी मोजले जाते. शेतीची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येत असल्यामुळे सकाळी लवकर जाणे एवढीच काळजी पुरत नाही. मोटार केव्हा बंद केली, हे मालकाला विचारून वेळेसह लिहावे. आणि विहीर आटलेली असेल, तर रकान्यात ‘कोरडी’ लिहावे, शून्य कदापि लिहू नये, कारण शून्याचा अर्थ पाणी जमिनीच्या पातळीला लागले असा होतो आणि सरासरी काढताना दुष्काळी गाव कागदावर तुडुंब भरते.

पावसाचे आकडे कृषी विभागाच्या महसूल मंडळनिहाय नोंदींतून घ्यावेत. अहवाल लिहायला पंधरा दिवस पुरतात. कार्यपद्धतीचे प्रकरण मात्र मोजणी चालू असतानाच लिहून काढावे आणि कोणती विहीर कोणत्या कारणाने गाळली, हेही त्यातच नमूद करावे, कारण तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतात.