भूकंपग्रस्तांसाठी मदत गोळा करताय? या चुका टाळा

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला कच्छ हादरलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सिडकोतल्या समाजमंदिरात कपड्यांचा डोंगर उभा राहिला. लोक रिक्षातून, स्कूटरवरून गाठोडी आणून टाकत होते. मन सगळ्यांचं चांगलंच होतं. रात्री गाठोडी सोडली तर आत विरलेल्या चादरी, बटणं तुटलेले शर्ट, एकाच पायाचा बूट. एका पोत्यात कुणीतरी ओला टॉवेल कोंबला होता, त्याच्या कुबट वासानं आख्खं पोतं वाया गेलं. पुढे कळलं, कच्छमध्ये रस्त्याच्या कडेला अशाच जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते. घर गमावलेल्या माणसांपुढे आपण आपली अडगळ नेऊन टाकली, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगते: न विचारता गोळा करायला लागणं. भूकंप झालेल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आधी फोन लावा. तिथला एसटीडी कोड आणि पुढे १०७७. थंडीत ताडपत्री आणि ब्लँकेट लागतात, पावसाळ्यात फक्त ताडपत्रीनं भागत नाही, खाली अंथरायलाही काहीतरी लागतं. हे तिथलाच माणूस सांगू शकतो.

कपडे आधीच जमले असतील तर? पाठवायची घाई करू नका. चारपाच बायका-पुरुषांनी बसून निवडा. जे आपण स्वतः पाहुण्यांपुढे घालणार नाही ते बाजूला काढा. साडीबरोबर परकर आणि ब्लाउज हवाच, नाहीतर ती साडी त्या बाईच्या काय कामाची? आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड नवेच घ्या. हे मागायला बायका लाजतात आणि द्यायला कुणाला सुचत नाही.

खोकी भरताना साबण आणि पोहे एकत्र ठेवू नका. आम्ही ठेवले होते. त्या पोह्यांना साबणाचा असा वास लागला की शेवटी ते टाकावे लागले. खोक्यावर नुसतं ‘सामान’ लिहू नका. ‘मुलांचे स्वेटर, वय ५ ते ८, नग २०’ असं लिहा. एका माणसाला उचलता येईल एवढंच वजन भरा, कारण तिकडे उतरवून घ्यायला हमाल मिळेलच असं नाही.

भाकरी-चपात्या लांबच्या प्रवासाला पाठवू नका, बुरशी धरते. घरातली उरलेली औषधंही नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार दान केलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर निदान वर्षभर तरी शिल्लक असावी लागते. तेव्हा औषधांचं काम डॉक्टरांवर सोपवा.

ट्रक ठरला म्हणून लगेच सोडायचा नाही. माल कोण उतरवून घेणार, कुठल्या गोदामात, त्याचा मोबाइल नंबर काय, हे कागदावर लिहून ड्रायव्हरच्या हातात द्या. ट्रक वाटेत अडकला तर तिथल्या तहसील कार्यालयाशी बोला. रस्त्यातच ट्रकचा फाळका उघडून वाटप मात्र अजिबात करू नका. झुंबड उडते, धट्टेकट्टे लोक दोन-दोन ब्लँकेटं नेतात आणि म्हातारी माणसं मागे राहतात.

पैसे देणं मला सगळ्यात बरं वाटतं. त्यातून तिथल्याच बाजारात खरेदी होते, तिथली दुकानंही सावरतात. पावती घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, म्हणून चेकनं किंवा ऑनलाइन द्या. व्हॉट्सॲपवर फिरणारा क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी नाव तपासा. अशा वेळी भामटेही जागे होतात.

आणखी एक चूक आपल्या सगळ्यांच्याच हातून होते: पंधरा दिवसांत विसरून जाणं. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, किल्लारीत भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. मदतीचे ट्रक आले आणि हळूहळू थांबले, पण पोरकी झालेली मुलं तिथेच होती. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली आणि वर्षानुवर्षं सांभाळली.

एवढं काम आपल्या मंडळाला झेपणार नाही. पण जमलेल्या रकमेचे तीन भाग करता येतात: एक लगेच पाठवायचा, दुसरा तीन महिन्यांनी पत्र्याच्या शेडमधल्या कुटुंबांसाठी, आणि तिसरा जूनमध्ये, वह्या-दप्तरांसाठी. तिसरा भाग आजच बँकेत वेगळा ठेवा.