आधारवर दत्तात्रय, सातबारावर दत्तू: कर्जासाठी नावाचं आणि सहीचं प्रतिज्ञापत्र

"ताई, बँकेला अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे." कशाचं, ते सांगणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे आणि अशा माणसाला मी आधी बँकेत परत पाठवते. कर्ज विभागातून दोन ओळी लिहून आणा: फरक नावात आहे, सहीत आहे की दोन्हींत, आणि कोणत्या कागदावर. पुष्कळ बँकांचा स्वतःचा नमुना असतो. तो मिळाला तर तोच वापरायचा. माझा मजकूर कितीही चोख असला तरी त्यांचे पॅनल वकील, म्हणजे बँकेने नेमलेले वकील, शेवटी त्यांचाच मागतात.

प्रतिज्ञापत्राने नाव बदलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. कागदांवर नावं वेगळी असली तरी माणूस एकच, एवढंच त्यात शपथेवर सांगायचं असतं. दत्तू आणि दत्तात्रय, सुमन आणि सुमनबाई, आडनाव आधी की शेवटी, वडिलांच्या नावामागे राव आहे की नाही, असल्या फरकांना ते पुरतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं ओळखपत्र अजून माहेरच्या नावाचं असेल, तर केवायसीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी लागते. तिथे शपथेवर भागत नाही. सातबारावरची लेखनाची चूक काढायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलला अर्ज करायचा. आणि चाळिशीतल्या शेतकऱ्याच्या नावापुढे सातबारावर अजून 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालनकर्ती आई) दिसत असेल, तर तो माणूस कागदोपत्री अजून अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे! त्याला वयाचा पुरावा जोडून फेरफार करून घ्यावा लागतो. जमीन तारण ठेवायची असेल तर हे काम आधी, माझ्याकडे नंतर.

आता स्टॅम्प. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राला १०० ऐवजी ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क आहे. "सरकारने माफ केलंय ना?" हा प्रश्न रोजचा. माफी आहे ती सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वगैरे. बँक किंवा पतसंस्था त्यात धरत नाहीत. स्टॅम्प कर्जदाराच्या नावाने घ्या, आणि आधारवर जे नाव आहे त्याच नावाने. घरात पडलेला जुना स्टॅम्प आणू नका, खरेदीपासून सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो.

मजकुराचा गाभा चार ओळींचा असतो. नमुन्यादाखल, नाव काल्पनिक:

"मी, सुमन दत्तात्रय शिंदे, वय ४६ वर्षे, धंदा शेती, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, माझ्या आधार कार्डवर माझे नाव 'सुमन दत्तात्रय शिंदे' असे, पॅन कार्डवर 'सुमन दत्तू शिंदे' असे आणि गट क्रमांक अमुकच्या सातबारावर 'सुमनबाई भ्र. दत्तू शिंदे' असे नमूद आहे. ही तिन्ही नावे माझीच असून त्या नावांची व्यक्ती मी एकच आहे. सदर प्रतिज्ञापत्र अमुक बँकेच्या अमुक शाखेत कर्जप्रकरणी सादर करण्यासाठी करीत आहे."

यात 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) सुद्धा तसंच ठेवलंय, ते बघा. लोक म्हणतात, ताई, ते जुनं आहे, 'दत्तात्रय यांच्या पत्नी' असं नीट लिहा. नीट लिहिलं की कागद फुकट गेला. सातबारावर जे अक्षर आहे तेच इथे आलं पाहिजे, चुकीचं असलं तरी. पॅनवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच जास्त असेल, तर तो एच धरूनच स्पेलिंग इंग्रजीत टाइप करायचं. म्हणून मी नावं तोंडी ऐकून टाइप करत नाही. सगळे मूळ कागद टेबलावर मांडायला लावते आणि एकेक बोट ठेवून बघते. पॅन नंबर आणि गट क्रमांक पूर्ण टाका, आधारचे मात्र शेवटचे चार अंक बस. 'इत्यादी सर्व नावे माझीच' असं मोघम वाक्य काहीजण सुचवतात, ते मी घालत नाही. ज्या कागदाचं नाव घेतलं नाही, त्याला या शपथेचा उपयोग नाही.

सहीचं प्रकरण नावापेक्षा चिवट. पंधरा वर्षांपूर्वी खातं काढताना मराठीत पूर्ण नाव गिरवलेलं असतं आणि आता इंग्रजीत एक फराटा. प्रतिज्ञापत्रात दोन चौकटी आखून घ्या, एकीवर 'पूर्वीची सही', दुसरीवर 'सध्याची सही', आणि प्रत्येकीत तीन-तीन सह्या करा. पूर्वीची सही कोणत्या कागदावर आहे आणि सध्याची कुठे चालते, हे वर लिहा. जुनी सही हाताला आठवत नसेल तर आधी रद्दी कागदावर गिरवा, स्टॅम्पवर प्रयोग नकोत. त्या खात्याच्या शाखेकडून सही पडताळणीचं पत्र मिळालं तर ते जोडा, त्याचं वजन जास्त.

इथे एक अडचण हमखास येते. कर्ज एका बँकेचं, हप्ता कापायचा दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून. प्रतिज्ञापत्र गेलं कर्ज देणाऱ्या बँकेकडे. पण हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची तुमच्या सहीची परवानगी, जातं खात्याच्या बँकेकडे आणि ती बघते फक्त तिच्या रेकॉर्डची सही. जुळली नाही की मँडेट परत. त्या बँकेला तुमच्या शपथेचा पत्ताच नसतो. तेव्हा खात्याच्या शाखेत जाऊन नवी सही आधी नोंदवून घ्या, नाहीतर मँडेटवर जुनीच करा.

नोटरीकडे जाताना सही करून जाऊ नका. शपथ समोर घ्यायची आणि सही समोर करायची. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. नोटरींच्या रजिस्टरमध्येही सही करावी लागते. "रजिस्टर राहू द्या, नंतर बघू" असं कोणी म्हणालं तर दुसरा नोटरी शोधा. नवऱ्याचा कागद बायकोने, बापाचा मुलाने नेऊन शिक्का मारून आणणं हा प्रकार चालतो, मला माहीत आहे, पण वाद झाला की पहिल्यांदा तेच रजिस्टर उघडतं. खोटी शपथ हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथे आद्याक्षरी, आणि उठण्यापूर्वी शिक्का, तारीख, रजिस्टरचा अनुक्रमांक बघून घ्या.

सही येत नसेल तर अंगठा. खाली 'नि.डा.हा.अं.' (निशाणी डाव्या हाताचा अंगठा) लिहून पुढे नाव टाकतो. अशा वेळी मजकूर मराठीत वाचून दाखवला व तो समजला, हे वाक्य हवंच, आणि ओळखणाऱ्या माणसाची सहीही. बँकेचा नमुना इंग्रजीत असेल तर सही मराठीत करणाऱ्यांनीही हे वाक्य घालून घ्यावं.

मूळ प्रत बँकेला द्या, झेरॉक्सवर पोच घ्या. पुढे कर्जाच्या करारावर सही करताना प्रतिज्ञापत्रातली 'सध्याची सही' तीच करा. जामीनदाराच्या नावात फरक असेल तर त्याने स्वतःचं वेगळं प्रतिज्ञापत्र करायचं. त्याच्या नावाची शपथ कर्जदाराने घेऊन चालत नाही.