दरवर्षी नवा क्लब : खान्देशातल्या होतकरू मिडफिल्डरसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडची जी पोरं फुटबॉलवर पोट भरायचं म्हणतात, त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे आठ-दहा चेहरे असतात. संघात मात्र पंचवीस-तीस जण असतात आणि त्यातले कितीतरी एका वर्षाच्या करारावर आलेले असतात. हंगाम संपला की बॅग भरायची आणि पुढचा क्लब शोधायचा. हा लेख अशा फिरत्या मिडफिल्डरच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या, कामाबद्दल आहे. पेपरात नाव येत नाही, तरी दरवर्षी कुणी ना कुणी त्याला घेतंच. ही कारकीर्द कमी प्रतीची नाही, पण ती समजून-उमजून करावी लागते.

क्लब बदलावा लागण्यात खेळाडूचा दोष असतोच असं नाही. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. २००५-०६ चा विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये. २०२५ मध्ये तर आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगामच वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. विजेते संघ गुंडाळले जातात, तिथे एकाच क्लबच्या भरवशावर घराचं कर्ज काढू नये.

आपल्याकडून वर जायची वाट सरळ नाही. शाळेत असताना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या स्पर्धा आणि सुब्रोतो कप ही शालेय स्पर्धा, तिथून नाशिक विभाग, मग राज्य. कॉलेजात बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. एवढ्यावर व्यावसायिक क्लब बोलावत नाही. सतरा-अठराव्या वर्षी पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरच्या स्थानिक लीगमध्ये नोंदणी करून निदान एक पूर्ण हंगाम खेळावा लागतो. भुसावळ-जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यामार्गे थेट कोल्हापूरला जाते, तेव्हा शनिवार-रविवारच्या सामन्यांना ये-जा जमते, पण पोरगं थकतं. हंगामापुरती तिथेच खोली घेतलेली बरी.

जायच्या आधी कागद एकसारखे करा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली पाहिजे. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, एवढ्यानेही ऑनलाइन नोंदणी अडकते. कमी वयोगटात डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. घरच्यांनी शाळेत वय कमी लावलं असेल, तर ते इथे उघडं पडतं आणि पुढचे दरवाजे बंद होतात.

आता खेळ. मिडफिल्डर एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो हे खरं, पण कोच बघतो तो चेंडू यायच्या आधीचा क्षण. चेंडू अजून बचावपटूच्या पायात आहे, तेव्हा एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. त्याने पास मारला आणि चेंडू वाटेत आहे, तेव्हा दुसऱ्या खांद्यावरून पुन्हा. मग अंग अर्धवट वळलेलं ठेवून, चेंडूपासून लांबच्या पायाने तो घ्यायचा. असा घेतलेला चेंडू पहिल्या स्पर्शातच पुढे जातो. जवळच्या पायाने, पाठ गोलकडे ठेवून घेतला, तर मागे परत देण्याखेरीज काही उरत नाही. तेवढ्या वेळात समोरचा अंगावर आलेला असतो.

आपल्या पोरांचा घोळ इथेच होतो आणि त्याला मैदान कारण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. चेंडू कसाही उसळतो, म्हणून पोरं डोळे चेंडूवरच खिळवून ठेवतात आणि तळव्याखाली दाबून तो थांबवतात. मुंबईच्या कूपरेज मैदानासारख्या कृत्रिम गवतावर चेंडू सपाट आणि वेगात येतो. तिथे थांबवायला गेलं की हातचे दोन सेकंद जातात. उपाय साधा आहे. भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभं राहायचं, मागे दोन रंगांचे शर्ट घेऊन एक मित्र. चेंडू भिंतीवरून परत येत असताना मागे बघायचं, मित्राने वर केलेला रंग ओरडायचा आणि लांबच्या पायाने वळायचं. रोज प्रत्येक बाजूने ५० वेळा. सिमेंटची सपाट जागा, शाळेचं बास्केटबॉल कोर्टसुद्धा चालतं.

बुटांचंही तसंच. नैसर्गिक गवताचे लांब स्टडवाले (तळाला खुंट असलेले) बूट कृत्रिम गवतात रुततात. पाय अडकतो, अंग वळतं आणि ताण गुडघ्यावर येतो. त्या गवतासाठी आखूड आणि जास्त स्टडवाला दुसरा जोड हवा. पैसे एकाच जोडाचे असतील, तर आखूड स्टडचा घ्या.

फिरत्या खेळाडूला काम मिळतं ते उपयोगी पडल्यामुळे. सहा नंबर (बचावाच्या पुढ्यात राहणारा) आणि आठ नंबर (मागे-पुढे दोन्हीकडे धावणारा) या दोन्ही जागा यायलाच हव्यात. गरज पडली तर राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावाला, उभं राहता आलं पाहिजे. कॉर्नर आणि बाजूची फ्रीकिक ठरल्या जागी टाकता येणाऱ्याला छोटे क्लब हातचं जाऊ देत नाहीत. आठवड्यातून तीनदा, सराव संपल्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस चेंडू मारा. पेनल्टी स्पॉट आणि जवळचा खांब यांच्यामध्ये एक बॅग ठेवा, ती निशाणी.

ट्रायलला तीस-चाळीस पोरं असतात आणि वाट्याला वीस ते तीस मिनिटं येतात. कोचला तुमचं नाव माहीत नसतं. पहिल्या पाच मिनिटांत तीन-चार सोपे, दोन स्पर्शांतले पास द्या. ड्रिबल करून छाप पाडायला गेलेला मिडफिल्डर चेंडू गमावतो, आणि कोचच्या लक्षात तेवढंच राहतं. बोला. 'मॅन ऑन' (मागून कुणी येतोय), 'टर्न' (वळ), 'टाइम' (वेळ आहे) हे तीन शब्द गोव्यापासून शिलाँगपर्यंत चालतात. आपल्याकडची पोरं परक्या ठिकाणी गप्प होतात, आणि मुका मिडफिल्डर कुणालाच नको असतो. यो-यो ही दमाची चाचणी होईल हे धरूनच जा. त्यात २० मीटर जाऊन २० मीटर परत आणि मध्ये १० सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. पहिल्या पातळीची चाचणी असेल, तर एकूण २,००० मीटरच्या आसपास पोचायची तयारी ठेवा.

व्हिडिओ पाठवताना चार-पाच मिनिटांचा करा आणि सोबत दोन पूर्ण सामन्यांची लिंक द्या. सुरुवातीला गोल टाकू नका. दबावाखाली चेंडू घेतलेला, हिसकावलेला, बाजू बदललेला दाखवा. जर्सीचा रंग, नंबर, तारीख आणि समोरचा संघ लिहा. पाटील, चौधरी, महाजन एकेका संघात तीन-तीन असतात.

करारापाशी मात्र घाई करू नका. पगार हातात किती येणार, कोणत्या तारखेला, किती महिन्यांचा? हंगाम आठ-नऊ महिन्यांचा असेल आणि करार तेवढाच, तर उरलेल्या महिन्यांत घर कशावर चालणार हे आधीच ठरवावं लागतं. राहणं, जेवण, प्रवास कुणाकडे? विमा शस्त्रक्रियेला पुरतो का, आणि जखमी झाल्यावर पगार चालू राहतो का? सगळ्या पानांवर दोन्हीकडच्या सह्या हव्यात आणि एक प्रत तुमच्याकडे हवी. करार महासंघाकडे (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे) नोंदलेला आहे की नाही तेही तपासा. टीडीएस कापला असेल, तर तो तुमच्या पॅनवर जमा झालेला दिसला पाहिजे. व्हॉट्सअॅपवरच्या शब्दाला वाद झाल्यावर फारसं वजन राहत नाही.

फिफाचे काही नियम पाठच करून ठेवा. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आतल्या खेळाडूचा तीन वर्षांचा. शेवटच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबशी बोलायची मोकळीक असते. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणून डिसेंबरात कुणाच्या आग्रहाखातर दुसऱ्या क्लबकडून दोन सामने खेळून जानेवारीत तिसऱ्याकडे जायची संधी घालवू नका. दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी नोटीस देऊन निदान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि त्यानंतर करार सोडता येतो. नोटीस न देता रागाच्या भरात निघून आलात, तर करारभंग तुमच्या नावावर लागतो. नोटीस पाठवण्याआधी खेळाडूंच्या संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्या, कारण देशातल्या वादांना महासंघाचे नियमही लागतात.

एजंट परवानाधारक आहे का, हे फिफाच्या यादीत बघता येतं. ट्रायलसाठी, करारासाठी, 'युरोपच्या क्लब'साठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. शेत गहाण ठेवून तर मुळीच नाही. आणखी एक, करार चालू असताना गावाकडच्या बक्षिसाच्या स्पर्धेत उतरू नका. मित्रांना वाईट वाटेल, पण तिथे गुडघा गेला तर क्लब हात वर करू शकतो.

दुखापत लपवणं ही एका वर्षाच्या करारावरची सगळ्यात महाग चूक. जागा जाईल या भीतीने पोरं सुजलेल्या घोट्याने खेळतात, आणि लेखी कळवलेलं नसल्याने उपचाराचा खर्चही अंगावर येतो. त्याच दिवशी फिजिओला आणि मॅनेजरला मेसेज करा. ताज्या सुजेवर गरम तेलाची मालिश नको. पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. गुडघ्यात 'कट्' असा आवाज येऊन काही तासांत सूज आली, तर हाडवैद्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि एमआरआय काढा. एसीएलच्या (गुडघ्यातल्या मुख्य अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नका. दुखापत टाळण्यासाठी फिफा ११+ चा वॉर्म-अप आहे. तो वीस मिनिटांचा असतो, आठवड्यातून निदान दोनदा तरी करा.

हंगाम संपून घरी येता तेव्हा मे महिना असतो आणि जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. पहिला आठवडा पूर्ण विश्रांती. दुसऱ्यात तीन दिवस अर्धा-अर्धा तास हलकं धावणं. तिसऱ्यात १५ सेकंद जोरात, १५ सेकंद चालत, अशी आठ मिनिटं, दोन वेळा. चौथ्यात चार-चार जणांचे छोटे सामने. सगळं पहाटे साडेपाच ते सातच्या आत. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी, त्यात ओआरएस. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही भरून यायला हवं. यावल-रावेरची केळी हाताशी आहेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, सरावानंतर दोन पुरेत. कळण्याची भाकरी आणि भरीत सरावाच्या दिवसात उत्तम, पण सामन्याच्या दिवशी भात बरा, तोही तीन तास आधी. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा आदल्या रात्री टाळाच. ताकदीची पावडर जिममधून घेऊ नका. तिच्यात बंदी असलेलं काही निघालं, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

विशी-बाविशीतच नोकरीचा अर्ज करा. रेल्वेची खेळाडू भरती बहुधा १८ ते २५ वयाची असते. तिशीला आठवण आली की उशीर झालेला असतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी नाशिकच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घरीच ठेवा, क्लबच्या खोलीवर नेऊ नका. आणि प्रशिक्षकाचा डी लायसन्स (सुरुवातीचा परवाना) खेळत असतानाच, एखाद्या मे-जूनमध्ये उरकून घ्या. अठरा पूर्ण झाले की तो करता येतो.