निवृत्तीनंतर पहिली कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

नातीसाठी गावाकडच्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात म्हणून मी वही उघडली. शंभरेक पानं झाली आणि लक्षात आलं, वहीतली आत्या माझी खरी आत्या राहिलीच नव्हती. खरी आत्या जन्मात बोलली नसती, ते ती बोलत होती. अशी ध्यानीमनी नसताना कादंबरी सुरू होते, आणि मग चुकाही ठरलेल्याच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवेल ते सगळं घालणं. माझ्या पहिल्या खर्ड्यात 1972चा दुष्काळ होता, बांधावरचं भांडण होतं, तीन बदल्या होत्या, भावाचं लग्नही होतं. ‘पण हे खरंच घडलंय’ एवढ्या आधारावर प्रसंग कादंबरीत टिकत नाही. पेनेलपी फिट्झजेराल्ड या इंग्रज लेखिकेची पहिली कादंबरी 1977 साली आली, तेव्हा त्या साठीच्या होत्या. आजारी नवऱ्याचं मन रमावं म्हणून ती लिहिलेली. त्याच्या कितीतरी आधी त्या मुलांसह लंडनमध्ये थेम्स नदीवरच्या जुन्या बोटीत राहत होत्या, आणि ती बोट बुडाली. त्या दिवसांवर बेतलेल्या ‘ऑफशोअर’ या त्यांच्या नंतरच्या कादंबरीला 1979चं बुकर हे इंग्रजी कादंबरीसाठीचं मानाचं पारितोषिक मिळालं. पुस्तक मात्र छोटेखानी आहे. एवढ्या अनुभवातून त्यांनी किती कमी घेतलं, हे मला फार शिकवून गेलं.

दुसरी चूक, हातात बसलेली कचेरीची भाषा. मी लिहिलं होतं : ‘आत्याच्या निधनाची वार्ता प्राप्त होताच सर्व कुटुंबीय सदर ठिकाणी उपस्थित झाले.’ चार दिवसांनी ते असं झालं : ‘आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा आई भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी तिने आधी उलटली, मग चूल विझवली.’ वाक्य मोठ्याने वाचून पाहा. घरात कुणी असं बोलत नसेल तर खोडा.

‘सलग वेळ मिळाला की बसेन’ म्हणू नका. रोज 300 शब्द लिहिले तर 200 दिवसांत 60,000 होतात. टाइप युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडतो.

छापायची घाई नको. पैसे भरून पुस्तक काढायचं असेल तर प्रती किती, वितरण कोण करणार, हक्क कुणाकडे, हे करारात लिहून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

आणि अर्धवट प्रकरणं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ‘आत्या अशी नव्हती’ या भावाच्या एका ओळीने माझं लिखाण दोन महिने थांबलं. पूर्ण खर्डा नात्याबाहेरच्या, भरपूर वाचणाऱ्या एकाच माणसाला द्या. मी आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना दिला. त्यांनी चाळिसाव्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, ‘इथून सुरू करा.’ आधीची एकोणचाळीस पानं मी काढली.