घरोघरी बसलेली टीम कशी चालवायची

आमचं काम हॉटेल बुकिंगचं. गोव्यातली काही छोटी हॉटेलं आणि होमस्टे आपली बुकिंग, पाहुण्यांचे ईमेल, जीएसटीची बिलं आमच्यावर सोपवतात आणि आम्ही ती घरबसल्या उरकतो. मी डिचोलीत. बाकीचे वाळपई, काणकोण, सावंतवाडी, पुणे इथे, आणि एक जण लग्न होऊन इंग्लंडात स्विंडनला गेली, ती तिथून. ऑफिस असं नाहीच. त्यामुळे टीम बिल्डिंगवर भाषण मला जमणार नाही. काय केलं की काम अडत नाही, ते सांगते.

सगळ्यात जास्त लक्ष शिफ्ट बदलण्याच्या वेळेवर द्या. लांब बसलेल्या टीममध्ये काम बिघडतं ते बहुतेक तिथेच. जाणारा फोनवर काहीतरी सांगतो, येणारा 'हो हो' म्हणतो, आणि तासाभराने कोणालाच काही आठवत नाही. म्हणून लिहून द्यायचं. पण लिहिण्यातही फरक असतो. 'पाळोळेच्या पाहुण्यांचं जरा बघ' ही चिठ्ठी नव्हे. चिठ्ठी अशी हवी:

'पाळोळे, 2 खोल्या, आज रात्रीचे पाहुणे. विमान दाबोळीला नाही, मोपाला उतरतंय, रात्री 9:40. दाबोळीची टॅक्सी रद्द केली. मोपाची अजून ठरलेली नाही, ती संध्याकाळी 6 च्या आत तू ठरव. पोचायला मध्यरात्र होणार, मॅनेजरला जेवण झाकून ठेवायला सांग. पासपोर्ट ब्रिटिश. सी-फॉर्म भरला का, हे उद्या सकाळची शिफ्ट विचारेल.'

मोपा पेडण्यात, पाळोळे काणकोणात. अख्खा गोवा मध्ये पडतो. चुकीच्या विमानतळावर टॅक्सी उभी राहिली तर रात्रभर फोन चालू. आणि परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत हॉटेलने त्याची माहिती सरकारला कळवायची असते, त्यालाच आम्ही सी-फॉर्म म्हणतो. 'कोणीतरी बघा' असं लिहिलं की ते कोणीच बघत नाही. काय झालं, काय राहिलं, कोणी करायचं, किती वाजेपर्यंत, एवढं चिठ्ठीत असलं की पुरे.

घेणाऱ्यानेही काहीतरी लिहायला हवं. आमच्याकडे अंगठा चालत नाही. अंगठा न वाचताही दाबता येतो. चिठ्ठीतली सगळ्यात घाईची गोष्ट आपल्या शब्दांत लिहायची: 'मोपाची टॅक्सी 6 पर्यंत, घेतलं.' हे दिसेपर्यंत आधीच्याने उठायचं नाही. चिठ्ठ्या एकाच शीटमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तिथे त्या सुप्रभातच्या फुलांखाली गडप होतात. बोलणं आमचं कोकणीत चालतं, पण पुण्याच्या मुलाला ती अर्धीच कळते, म्हणून चिठ्ठी मराठीत.

आता पावसाचं. गोव्यात जूनपासून चार महिने इंटरनेटचा भरवसा धरायचा नाही, आणि तयारी मे महिन्यातच करायची. लाईट गेली की घरातला राउटर बंद पडतो, पण बऱ्याचदा बाहेरची फायबरची लाईन चालूच असते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुढे चालतं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर चालतात ना, ते घेतानाच बघा. झाड पडून लाईनच तुटली तर यूपीएसचा उपयोग शून्य. तेव्हा मोबाईलचा हॉटस्पॉट. पण सिम दुसऱ्या कंपनीचं हवं, आणि घराच्या कोणत्या कोपऱ्यात त्याची रेंज येते हे उन्हात बघून ठेवा. वाळपईच्या मुलाकडे ती फक्त बाल्कनीत येते, आणि पावसात बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसणार कोण? मग त्याने गावातल्या मावशीच्या घरी एक खुर्ची ठरवून ठेवली. वीज खात्याच्या दुरुस्तीची वेळापत्रकं पेपरात येतात, ती सकाळी ज्याने वाचली त्याने ग्रुपवर टाकायची. आणि लाईट गेली तर कारणं देत बसायचं नाही, 'गेलो' एवढाच मेसेज. शेजारच्या शिफ्टने काम उचलायचं. हे आधी ठरलेलं असलं की कोणाला अपराधी वाटत नाही.

मीटिंग आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाच्या आत. जे शीटमध्ये लिहिता येतं ते मीटिंगमध्ये वाचून दाखवायचं नाही. तिथे फक्त अडलेलं बोलायचं. पावसाळ्यात कॅमेरा बंद, नुसत्या आवाजाला डेटा फार कमी लागतो. वेळ आमची दुपारी 2:30. स्विंडनला तेव्हा हिवाळ्यात सकाळचे 9 असतात, उन्हाळ्यात 10. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, आपली नाही. ते दोन रविवार कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवा, नाहीतर सोमवारी कोणीतरी तासभर एकटंच बसतं.

सुट्ट्यांबद्दल माझं मत ठाम आहे: सरकारी यादी पुरत नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारायचं की तुमच्या गावची जत्रा कधी, चर्चचं फेस्त कधी, घरचा गणपती दीड दिवसाचा की पाच. आमच्यातला एक जण शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त, आहे. जत्रेआधी व्रताचे दिवस, मग रात्रभर जागून पहाटे निखाऱ्यांवरून चालणं; दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून बिलांचा हिशेब मागणं हा शहाणपणा नव्हे. चतुर्थीला आमच्या ख्रिश्चन मुली शिफ्ट उचलतात आणि नाताळात आम्ही. तसं बघितलं तर या व्यवहारात आम्हालाच जास्त राबावं लागतं, कारण नाताळ ते नवीन वर्ष म्हणजे हॉटेलवाल्यांचा ऐन सीझन. पण चतुर्थीत गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांचं छत, बांधायला घरी असणं आम्हाला हवंच असतं, त्यामुळे कोणी कुरकुरत नाही. माणसं एकमेकांच्या जवळ येतात ती अशा अदलाबदलीतून. शुक्रवारी ऑनलाईन हौजी खेळवून तसं होत नाही. तो खेळ संपायची सगळे वाट बघत असतात.

दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर लावू नका. दुपारी दोन ते चार गोव्यात बाजारपेठसुद्धा झोपते. कोणी अर्धा तास आडवं झालं आणि संध्याकाळपर्यंत सगळे ईमेल निकाली काढले, तर बिघडलं काय? हिशेब निकाली निघालेल्या कामाचा ठेवा. कोणाचं काम सलग मागे पडायला लागलं तर ग्रुपवर नाही, फोन करून विचारा, आणि आधी घरी सगळं ठीक आहे ना ते विचारा.

नवीन माणूस आला की पहिला आठवडा त्याला जुन्या चिठ्ठ्या वाचायला द्या आणि एका जुन्या सहकाऱ्याशी जोडून द्या. त्याला कितीही वेडगळ प्रश्न विचारायची मुभा हवी. शक्य असेल तर सुरुवातीला एकदा प्रत्यक्ष भेटवा. आम्ही म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी भेटतो, सावंतवाडीवरूनही सोयीचं पडतं. येण्याजाण्याचा खर्च, दुसरं सिम आणि राउटरचा यूपीएस, हे तिन्ही कंपनीने द्यायचं, माणसाच्या पगारातून नाही.