दुधा-लोण्याच्या गावात व्हीगन पास्ता

नोकरीसाठी नागपूर सोडून कोल्हापुरात स्थिरावले, त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्यानं आलेली व्हीगन मंडळी, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारी, भेटली की एक प्रश्न हमखास येतो. झुणका-भाकरीचं निभतं, पण ऑफिसची पार्टी राजारामपुरीतल्या नाहीतर ताराबाई पार्कातल्या इटालियन कॅफेत ठरली तर खायचं काय? खायला पुष्कळ आहे. मागायचं नीट, एवढंच.

आधी गाव समजून घ्या. गोकुळ दूध संघ इथला. गंगावेशीत म्हशीची धार काढून समोरच पेला भरून देतात आणि लोक तिथंच उभ्यानं पितात. अशा ठिकाणी नुसतं ‘व्हीगन’ सांगून भागत नाही. ऐकणारा त्याचा अर्थ प्युअर व्हेज घेतो, नाहीतर विचारतो, “जैन का?” याला हो म्हणू नका. जैन ऑर्डर इथल्या किचनला पाठ असते, त्यामुळे कांदा-लसूण जातो आणि चव भरून काढायला चीज वाढतं. सरळ पदार्थांची नावं घ्या: “दूध, बटर, क्रीम, चीज, पनीर, अंडं, मध नको. कांदा-लसूण चालतो. तेलात करा.” एगलेस मेयोनीजमध्येही दुधाची पावडर असू शकते, तेही विचारा.

पास्त्यात माझी पहिली पसंती अराबियाता. टोमॅटो, लसूण, लाल मिरची आणि ऑलिव्ह ऑइल, एवढाच सॉस. लसूण-मिरचीचा हात कोल्हापूरच्या आचाऱ्याला शिकवावा लागत नाही. सुका पास्ता बहुधा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो, ताज्या पास्त्यात मात्र बऱ्याचदा अंडं असतं. अडचण रेड सॉसची. तो आधीच करून ठेवलेला असला तर त्यात बटर-क्रीम पडलेलं असू शकतं, म्हणून तुमच्यासाठी ताजा करायला सांगा. मग ऑर्डर घेणारा कॅप्टन काळजीनं म्हणतो, “कोरडं लागंल की ओ, जरा बटर घालू दे.” तेव्हा सांगायचं, “मामा, ऑलिव्ह ऑइल थोडं जास्त घाला आणि पास्ता उकडलेलं पाणी दोन पळ्या.” त्या पाण्यातल्या स्टार्चनं सॉस दाट होतो आणि पास्त्याला धरून राहतो. एकदा असं करून दिलेल्या आचाऱ्याला पुढच्या वेळी सांगावं लागत नाही. आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह ऑइलचा पास्ता, तोही उत्तम, पण वाढताना वरून चीज भुरभुरायची सवय असते. चीज नको, हे प्लेट किचनमधून निघण्याआधी परत एकदा सांगा.

चीजशिवाय पिझ्झा मागायला संकोचू नका. 2010 मध्ये युरोपीय संघानं नेपोलिटन पिझ्झाची नोंद केली, त्यात प्रकार दोनच आहेत, मार्गेरिता आणि मरिनारा. मरिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह ऑइल असतं, चीज नसतंच. मेनूत नाव नसलं तरी सामान किचनमध्ये असतंच. मूळ बेस मैदा, पाणी, यीस्ट आणि मिठाचा, पण बाहेरून आणलेल्या तयार बेसमध्ये दुधाची पावडर असू शकते. पाकीट दाखवायला सांगा. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, कारण दुधाच्या पदार्थावरही तो असतो. ॲलर्जीच्या ओळीत ‘मिल्क’ लिहिलंय का ते बघा. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम 2022 पासून आहेत आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे, हिरवं ‘व्ही’ आणि त्याला पान.

व्हाइट सॉस, पिंक सॉस, गार्लिक ब्रेड यांच्या नादी लागू नका. पेस्टोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीत, चीज वाटलेलंच असतं. रिझोटो, म्हणजे इटालियन मऊ भात, शेवटी बटर-चीज घालूनच उतरवतात. ब्रुशेटा (भाजलेल्या पावावर टोमॅटो) चालेल, पाव तेलावर भाजून घ्या आणि पावात दूध नाही ना तेवढं विचारा. मिनेस्ट्रोनी या भाज्यांच्या सूपला स्टॉक भाज्यांचा की मांसाचा, हा प्रश्न हवाच. गोडात तिरामिसू, पानाकोटा, जेलातो सगळं बाद. सॉर्बे (फळांच्या रसाचं आइस्क्रीमसारखं गोड) असलं तर विचारून घ्या.

रविवारी संध्याकाळी गर्दीत कुणाला एवढं ऐकायला सवड नसते. ग्रुपनं जाणार असाल तर त्याच दिवशी दुपारी फोन करून किचनमधल्या माणसाशीच बोला, आणि तुमच्यासाठी पॅन धुऊन वेगळा ठेवायला सांगा. आपुलकीनं सांगितलं तर इथली माणसं ते मनापासून करतात.