नवे शूगेझ कसे ऐकावे

शूगेझ, म्हणजे गिटारच्या गोंगाटाचे दाट थर रचणारा रॉक संगीताचा प्रकार, ऐकायला बसताना गाण्याचे शब्द शोधू नयेत. या संगीतात गायकाचा आवाज मुद्दामच गिटारच्या लाटेत बुडवलेला असतो, आणि तो वेगळा काढण्याच्या धडपडीत हाती नुसता कलकलाट लागतो. मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकू नये. त्यात बास हरवतो आणि सगळे थर एकमेकांत मिसळून जातात. साधे पण नीट बसणारे हेडफोन पुरेसे आहेत.

सुरुवात स्लोडाइव्ह या ब्रिटिश बँडच्या 2017 मधील अल्बमपासून करावी. तब्बल 22 वर्षांच्या खंडानंतर आलेल्या या अल्बममध्ये वाद्यांना श्वास घेण्यापुरती जागा आहे. पहिल्यांदा केवळ बास धरावा, दुसऱ्यांदा ड्रम, आणि त्यानंतरच गिटारकडे वळावे. गिटारचा सूर किंचित डळमळतो आहे असे वाटले, तर कान बरोबर जागी पोचला आहे असे समजावे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचे केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा (तारांचा ताण बदलून सूर हलवणारा दांडा) हातात धरूनच तारा छेडतात, त्यामुळे संपूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वर-खाली सरकत राहते. त्यांच्या 1991 च्या ‘लव्हलेस’ अल्बममधली ती घेरी येण्यासारखी जाणीव बरीचशी याच दांड्याची करामत आहे, आणि आजचे असंख्य बँड अजूनही तिचाच पाठलाग करत आहेत.

पुढचा टप्पा दक्षिण कोरियाच्या पॅरानोल या संगीतकाराचा. 2021 मध्ये गाजलेला त्याचा अल्बम त्याने घरी एकट्याने रचला, आणि त्यातले गिटार चक्क सॉफ्टवेअरमधले आहेत. ड्रम फाटल्यासारखे वाजतात; तो हेडफोनचा दोष नव्हे. माझ्या मते त्यातली तळमळ त्या ओबडधोबडपणातूनच येते, आणि हाच अल्बम कोणी घासूनपुसून गुळगुळीत केला असता, तर त्यात ऐकण्यासारखे फारसे उरले नसते.

जड, घणाघाती वादन आवडत असेल, तर फिलाडेल्फियाचा ‘नथिंग’ हा बँड ऐकावा. टोरांटोच्या ऑल्वेज बँडचा 2022 चा ‘ब्लू रेव्ह’ हा अल्बम मात्र शूगेझ म्हणावा की नाही, यावर चाहते खुशाल भांडोत. गाण्याची चाल आणि गिटारचा गोंगाट एकाच वेळी कसे सांभाळावेत, हे शिकायला त्याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

प्रत्यक्ष मैफलीला जाताना इअरप्लग जरूर न्यावेत. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या कार्यक्रमांत ते प्रेक्षकांना वाटले जातात, यावरून आवाजाची कल्पना यावी. ते घातल्याने मजा कमी होत नाही; उलट वरच्या पट्टीतला कर्कशपणा गळून पडल्यामुळे थर अधिक स्पष्ट ऐकू येतात.